सहावी कातर

“बारा वर्षं झाली, बाबा. आणखी किती?”

म्हाकूबाबांनी मान वर केली नाही. कातरीचं पातं दगडावर ओढत राहिले.

दसरा उलटला होता. मेंढरं ओढ्यावर धुऊन झाली होती. कातरणी आठ दिवसांवर आली होती. बिरोबाच्या देवळासमोर बाबांनी पोतं अंथरून सगळा सरंजाम मांडला होता. मेंढराचे पाय बांधायच्या दोऱ्या, तेलाची वाटी, कातडीला लागलंच तर लावायला हळद आणि कातरी.

पुढ्यात बसलेला रखमाजी बाबांचा शिष्य. वर्षातून एकदा, याच दिवसांत, डोंगर चढून यायचा. बाबा त्याच्या कपाळाला भंडारा लावायचे. लावायचे तो डाव्या हातानं. बारा वर्षं त्याला ते खुपत आलं होतं. पण गुरूला विचारायचं कसं?

“एकवेळ जेवतो, बाबा. भुईवर निजतो. पायात वहाण घालत नाही. देवानं एकदा तरी हाक मारावी... नुसती हाक. तेवढ्यासाठी कान लावून पडतो.”

“गावात ठाऊक हाय का हे?”

“सगळ्या गावाला.”

“मग देवाच्याबी कानावर गेलं असंल.”

रखमाजीच्या जिव्हारी लागलं. आज तो ठरवूनच आला होता. गळ्यातली माळ उतरवायची, बाबांच्या पायाशी ठेवायची आणि घरचा रस्ता धरायचा. त्याचा हात माळेकडे गेला.

“रिकामा बसू नकोस. कातरींना तेल लाव.”

हात खाली आला. गुरूचा शब्द मोडायची सवय नव्हती.

एकेक कातर उचलून तो तेल लावू लागला. पाच कातरी जुन्या होत्या. मुठी झिजून गुळगुळीत झालेल्या. कातरायला बसणारे गडीही पाचच. सहावी मात्र फडक्यात गुंडाळून वेगळी ठेवलेली होती. त्यानं फडकं सोडलं. पाती लखलखत होती.

पोत्यावरचा लोकरीचा झुपका घेऊन त्यानं कातर चालवली. लोकर कापली नाही. दोन पात्यांमध्ये दुमडून बसली. पुन्हा चालवली. पुन्हा तेच.

“हिच्यात काही राम नाही, बाबा. मोडीत घाला.”

“डावऱ्याची हाय ती. पाती उलटी बसवलीत.”

“म्हणजे तुमची.”

“माझी न्हाई. धुळाची. माझ्या पाठच्या भावाची.”

“तुम्हाला भाऊ आहे? कधी दिसला नाही.”

“एकवीस वर्षं मलाबी दिसला न्हाई.”

बाबांनी दगडावर पाण्याचे दोन थेंब टाकले. खाली उतारावर मेंढरं चरत होती.

“कातरणीला बसला होता. हातात आमचीच कातर, सगळ्यांसारखी. लोकर तुटंना, म्हणून जोर केला. मेंढीची कातडी फाटली. मी चार माणसांत म्हणालो, तुझा हातच खोटा हाय... त्यानं कातर खाली ठिवली. उठला. मला वाटलं, पाणी प्यायला चाललाय.”

“मग?”

“पुढल्या साली जत्रेत एक लोहार भेटला. तो म्हणाला, डावऱ्याला पाती उलटी लागतात. हाताचा काय दोष? तिथंच बसून ही करून घेतली.”

“म्हणजे त्यानं ही कातर पाहिलीच नाही?”

“न्हाई.”

“अन् दर वर्षी तुम्ही हिला धार लावता? तो येणार म्हणून कुणी सांगितलंय?”

“कुणीबी न्हाई.”

रखमाजीनं कातर हातात उलटसुलट करून पाहिली. पण मघाचा टोला अजून सलत होता.

“वापरणारा नाही, तर धार नीट लागली हे तुम्हाला कळतं कसं?”

बाबा उठले. उतारावरून एक मेंढी ओढत घेऊन आले. तिला आडवी पाडली, पाय बांधले. रखमाजीच्या हातातली कातर घेतली. डाव्या हातात धरली.

कातर पोटाजवळ शिरली ती पाठीवर निघाली. कुठं अडली नाही, कुठं ओढली नाही. लोकर सलग सुटत गेली, अंगावरची वाकळ बाजूला सारावी तशी. कातडीला एक ओरखडाही नाही. मेंढीनं डोळे मिटून घेतले होते.

बाबांनी दोरी सोडली. मेंढी उठून अंग झाडत कळपाकडे पळाली. त्यांनी कातर पुसली, तेल लावलं, फडक्यात गुंडाळली. सगळं डाव्या हातानंच.

रखमाजी त्या हाताकडे पाहत होता. त्याचा स्वतःचा हात पुन्हा माळेवर गेला होता... तिथंच थांबला होता. उतरवायची होती, की नुसती धरून बसायचं होतं, त्याचं त्यालाच कळेना.

बारा वर्षांचं खुपणं अखेर तोंडातून बाहेर पडलं.

“बाबा, तुम्ही स्वतः डावरे. मग भावाला तसं कसं बोललात?”

म्हाकूबाबांनी दगड पुन्हा पुढ्यात ओढला. पुढची कातर उचलली.

“तवा नव्हतो.”