वाळूत लावलेला रोहिडा

एका राज्यात पाऊस पाहुण्यासारखा यायचा. दाराशी उभा राहायचा आणि बसा म्हणायच्या आत परत फिरायचा. तिथल्या राजा वज्रकेतूने वाळवंटाच्या मधोमध महाल बांधला, आणि सज्जातून दूरवरचं दिसत नाही म्हणून दारातलं एकुलतं एक झाड तोडलं. त्या झाडाखाली एक मांत्रिक बसत असे. तो उठला, अंगावरचा भुसा झटकला आणि म्हणाला, "या अंगणात झाड फुलेपर्यंत तू वाळू होत जाशील."

त्या दिवसापासून राजाची पावलं झरू लागली. राणी कुंदावतीने अंगण झाडायला मनाई केली. रोज संध्याकाळी ती मोरपिसाने ती वाळू गोळा करी आणि चांदीच्या घागरीत भरी. नवरा होता तो. केरात कसा जाऊ देईल?

पहिल्या वर्षी तिने माहेरचा सोनचाफा आणवला, माहेरच्या काळ्या मातीसकट. उन्हाळ्याने त्याचं पान न् पान भाजलं. राजा गुडघ्यापर्यंत सरला.

दुसऱ्या वर्षी कदंब आणवला. रोज चाळीस हंडे पाणी घातलं. झाड छपराला लागलं, पण मुळांना कधी तहानच लागली नाही. ती लाडावल्यासारखी वरवर लोळत राहिली. एक वावटळ आली आणि कदंब आडवा झाला. राजा कमरेपर्यंत सरला.

तिसऱ्या वर्षी वाळूतून मान ताठ करून एक माळढोक पक्षी चालत आला.

"बाईसाहेब, अंगण कुणाचं?"

"माझं."

"मग झाडं माहेरची का?"

"टोमणे मारायला आलास की मदत करायला?"

"दोन्ही. टोमणा सोपा, मदत अवघड." त्याने चोचीतून वाळवंटातच रुजणाऱ्या रोहिड्याचं बी टाकलं. "हे महाराजांच्याच वाळूत लाव. पाणी फक्त अवसेला, एक तांब्या. जास्त घातलंस तर बी कुजेल, आणि महाराज परत यायचे नाहीत."

"आणि वाळलं तर?"

"वाळल्यासारखं दिसेल. हात तेव्हाच आवरायचा."

राणीने घागर रिती केली, बी लावलं. झाड पुरुषभर वाढलं, आणि चैत्रात त्याची सगळी पानं गळली. ओसरीवर उशीला टेकलेलं राजाचं मस्तक तेवढं उरलं होतं. अवस अजून दूर होती.

"राणी, झाडाला पाणी घाल. आज्ञा आहे."

"आज्ञा दरबारात चालते, महाराज. मुळं ती ऐकत नाहीत."

"मग विनवतो."

तिने तांब्या उचलला. झाडापर्यंत गेली. आणि ते पाणी ती स्वतःच घटाघटा प्याली, शेवटच्या थेंबापर्यंत.

खाली तहानलेलं मूळ अंधारात चाचपडत उतरत होतं. सात पुरुष खोल त्याला पाणी लागलं. सकाळी उघड्या फांद्यांवर केशरी फुलं उमलली. फुलाफुलातून वाळू झरली, ओसरीकडे वाहत गेली. पावलं झाली, गुडघे झाले, छाती झाली. राजा उभा राहिला. राणीने त्याचा हात आधी दाबून पाहिला, मगच ती रडली.

राजाने मांत्रिकाला बोलावणं धाडलं आणि रोहिड्याच्या सावलीत स्वतःच्या हाताने आसन मांडलं. मांत्रिक आला, आसनावर बसला.

तेव्हापासून त्या राज्यात घर बांधायचं तर आधी झाड निवडतात. ते जगलं, फुललं, की मग त्याच्याकडे तोंड करून दार बसवतात.