देवभाताला मिळालेला शाप

पूर्वी, कृतयुग सरून त्रेतायुगाची पहिली पावले पृथ्वीवर उमटत होती त्या काळी, कुमुद्वती नगरीचा राजा सत्यवर्मा स्वर्गस्थ झाला आणि त्याची चिता निवण्यापूर्वीच त्याच्या दोन पुत्रांत सिंहासनावरून कलह पेटला. थोरला वज्रवर्मा राजधानी बळकावून बसला. धाकटा रत्नवर्मा अर्धे सैन्य घेऊन बारा दिवसांच्या वाटेवरील गिरिदुर्गात गेला. एकाच आळीतले शेजारी दोन ध्वजांखाली उभे राहिले, आणि कोण कुणाच्या पक्षाचा हे विचारल्यावाचून कोणी कुणाच्या हातचे पाणी पिईना.

या दोघांची बहीण विपुला गणितात निष्णात होती. पित्याच्या हयातीत प्रत्येक मोहिमेची शिधासामग्री तिनेच योजिली होती; म्हणून वज्रवर्म्याने गिरिदुर्गावरील प्रयाणाची आखणी तिच्यावरच सोपवली, आणि तिच्यावर नजर ठेवायला सेनापती उग्रबाहू नेमला.

वीस सहस्र पायदळ आणि तीन सहस्र अश्व. विपुलेने कितीही आकडेमोड केली तरी धान्य दहाच दिवस पुरे. ओझ्याचे बैल वाढवावे, तर बैलांचीच वैरण वाहायला आणखी बैल लागत. अखेरीस तिने सहाव्या मुक्कामासाठी तृणपाद ऋषींचे सरोवर निवडले. तिथे नांगर न लावता, बी न पेरता देवभात पिके. त्या काळी त्याचा दाणा लोंबीला घट्ट धरून असे, आणि दारी येईल त्याला ऋषी तो कापून नेऊ देत.

सहाव्या दिवशी सैन्य आश्रमाशी पोचले. कमळांच्या परागांनी पिवळ्या झालेल्या त्या जलाशयावर सारस विहरत होते, तीरावर होमधूम तरळत होता. परंतु विपुलेची दृष्टी चिखलातल्या खुरांच्या ठशांवर खिळली. सरोवराचा पूर्वेकडचा भाग कापून नेलेला होता. उरलेल्या भाताचा तिने मनात अंदाज घेतला. बरोबर उणे पडणाऱ्या दोन दिवसांचे अन्न उरले होते. मूठभर अधिक नाही, मूठभर उणे नाही.

"मुनिवर, येथे कोण येऊन गेले?" तिने विचारले.

"राजकन्ये, चार दिवसांपूर्वी रत्नवर्मा येऊन गेला," तृणपाद म्हणाले. "त्याने आपले नेले, तुमचे ठेवले."

शत्रू आपल्यासाठी अन्न राखून ठेवतो, तेही मापून? विपुलेने तत्काळ एका बैलाला त्या भाताची पेंढी चारली आणि स्वतः त्याच्यापाशी बसून राहिली. तिसऱ्या प्रहरी बैल स्वस्थपणे रवंथ करीत होता. तरी तिच्या मनाचा काटा निघेना. काही विषे सावकाश भिनतात.

इतक्यात वज्रवर्म्याने तिला बोलावले. शेजारी उग्रबाहू उभा होता.

"विपुले," राजा म्हणाला, "हा मुक्काम तूच योजलास. आपल्याला किती उणे पडणार हे तुझ्यावाचून कोणास ठाऊक नव्हते. मग त्याला कसे कळले?"

"महाराज, मी कोणालाही सांगितले नाही."

"ते भात विषारी असेल, तर माझे सैन्य मरेल. निर्विष असेल, तर तू फितूर आहेस. आता तूच ते कापून चिखलात तुडवून टाक, म्हणजे माझ्या दोन्ही शंका मिटतील."

बैल जिवंत आहे, हे विपुलेला दिसत होते. वाटेचे शेवटचे दोन दिवस उपासाचे जातील, हेही तिच्याइतके कोणी जाणत नव्हते. पण उग्रबाहूचा हात खड्गाच्या मुठीवर होता, आणि स्वतःच्या निष्ठेचा आता तिच्यापाशी दुसरा पुरावा नव्हता. तिने विळेकऱ्यांना पाण्यात उतरवले आणि त्यांच्यामागोमाग स्वतःही उतरली.

पहिल्या लोंबीला विळा लागला, तोच तृणपाद तीरावर उभे राहिले. "ज्यांना अन्नाचाही संशय येतो, त्यांच्यावर अन्नाने तरी विश्वास का ठेवावा?" ते म्हणाले. "आजपासून हे भात शस्त्राचा स्पर्श सोसणार नाही. पाते लागण्याआधीच ते आपला दाणा टाकून देईल."

त्यासरशी अवघ्या सरोवरावर गारा पडाव्यात तसा आवाज उठला. लोंब्या रित्या झाल्या, आणि सगळे भात तळाच्या गाळात गेले.

विपुला कंबरभर पाण्यात तशीच उभी राहिली. "भगवन्," तिने क्षीण स्वरात विचारले, "माझ्या भावाला नेमके माप कसे कळले?"

"तो स्वतःच मोजत बसला होता, वत्से. म्हणाला, 'आखणी माझ्या बहिणीची असणार. दहा दिवसांपलीकडचे धान्य वाहता येत नाही, हे तिनेच मला शिकवले. ते माझ्यावर चालून येत असले, तरी त्यांच्यात माझ्या नगरीची वीस सहस्र माणसे आहेत.'"

विपुला पाण्याबाहेर आली. मग तिने ऋषींपुढे मस्तक टेकले. "माझ्यासाठी काही मागत नाही. पण माझ्यामागून जो भुकेला येईल, त्याने काय करावे?"

मुनींचा क्रोध ओसरला. "जो रित्या हाताने येईल आणि लोंबीला न दुखवता तिच्यापुढे ओंजळ धरेल, त्याला एका वेळेचे मिळेल," त्यांनी उःशाप दिला. "साठवायला मात्र कोणालाच मिळणार नाही."

सैन्य तसेच पुढे निघाले. दहाव्या दिवशी धान्य संपले. अकराव्या दिवशी शिपायांनी शस्त्रे वाटेवर टाकली आणि बाराव्या दिवशी ते गिरिदुर्गाच्या दाराशी जेवण मागायला गेले. रत्नवर्म्याने दार उघडले. वज्रवर्मा आणि उग्रबाहू अरण्यात शिरले, ते पुन्हा कोणाच्या दृष्टीस पडले नाहीत. रत्नवर्म्याने बहिणीला आणायला पालखी पाठवली, ती रिकामीच परतली. विपुला सरोवराच्या तीरावरच राहिली.

तेव्हापासून देवभात पिकले की हलक्याशा धक्क्यानेही गळून जाते, आणि कोणत्याही राजाला त्याचे कोठार भरता आलेले नाही. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचे न खाणाऱ्या बायका पहाटे पाण्यात उतरतात, लोंबीखाली पदर धरतात, आणि त्या दिवसापुरते घेऊन घरी जातात.