घनोबा आणि धूर

डोंगरांना अजून नावं पडली नव्हती, तेव्हाची गोष्ट. रानाला वणवा लागला म्हणून घनोबा नावाचा ढग लगबगीनं निघाला. वाटेत त्याला धूर भेटला.

"घनोबा, थेंबांची किती ही दाटी! माझ्या कणांवर प्रत्येकाला वेगळी जागा देतो."

थेंब सुटे होऊन ऐसपैस बसले. घनोबा फुगून पांढराशुभ्र दिसू लागला. रानावर येताच तो गरजला, "पडा रे!"

"पडायचं कसं? आम्ही फार हलके झालोय," थेंब म्हणाले.

खालून टिटवी ओरडली, "रूप झकास आहे हो, पण माझी अंडी भाजतायत!"

घनोबा ओशाळला. त्यानं स्वतःला गदागदा हलवलं. थेंब कुरकुरत एकमेकांवर आदळले, मिसळले, जड झाले आणि धुराला घेऊनच कोसळले.

घरट्याजवळचा निखारा विझला. टिटवीनं वर पाहिलं. "आता काळे दिसता घनोबा, पण बरे दिसता!"