मेलेल्या राजाचं लग्न

"बाबा, माझ्यावर कुणी करणी तर केली नसेल ना?"

विचारणारे नरहरशास्त्री. वय अठ्ठेचाळीस, आवाज खणखणीत. देवळात पोथी सांगायला बसले की पानाकडे ढुंकूनही बघायचं नाही, हा त्यांचा तोरा. असा हा माणूस आज टेकडीवरच्या मठात, आपल्या म्हाताऱ्या गुरूंसमोर, अगदी रडकुंडीला येऊन बसला होता.

अच्युतबाबा तांदूळ निवडत होते.

"झालं काय?"

"काही आठवतच नाही हो! नावं विसरतो, ओव्या विसरतो. पानात बघावं तर अक्षरं एकमेकांत मिसळलेली. बायको म्हणते, दृष्ट लागली. मेव्हणा म्हणतो, बदाम खा."

"खाल्लेस?"

"डबा संपवला."

बाबा खुदकन हसले. "झोपतोस किती?"

"झोप कुठली! लोकांसमोर अडायला नको म्हणून पहाटे तीनला उठून पोथी घोकतो. दिवसभर तीच धास्ती."

"म्हणजे डोळ्यांचं काम डोक्यावर टाकलंस. दमलं बिचारं. चष्मा का लावत नाहीस?"

"चष्मा? मी? आणि देवळात? लोक म्हणतील, शास्त्र्याला पोथी पाठ नाही!"

"बरं... मग आजच का आलास?"

शास्त्री घुटमळले. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. मग एकदाचं सांगून टाकलं. पोथीची पानं सुटी. काल पहाटे घोकताना आकडे दिसले नाहीत, पानं मागंपुढं झाली, आणि देवळात तसंच सांगितलं गेलं. राजा मेला, सरणावर गेला, आणि पुढच्याच पानावर बाशिंग बांधून बोहल्यावर उभा!

बाबांना इतकं हसू आलं की मांडीवरचं ताट हललं. शास्त्र्यांनाही राहवेना, तेही हसत सुटले.

"कुणी काही बोललं नाही?"

"कोण बोलणार? माझ्या तोंडून आलेलं ते..." शास्त्र्यांचं हसू ओसरलं. "फक्त चिमाआजी आल्या. त्यांचे म्हातारबा अंथरुणाला खिळलेत. मला विचारतात, राणीनं कुठलं व्रत केलं हो, राजा परत उठला तो?"

"तू काय सांगितलंस?"

"चुकलो म्हणायला जीभ वळेना, बाबा. फार लाज वाटली. सांगून बसलो... निर्जळी सोमवार."



बाबांनी ताट बाजूला ठेवलं. स्वतःच्या डोळ्यांवरचा चष्मा काढला आणि शास्त्र्यांच्या नाकावर चढवला. कोनाड्यातल्या पोथीतलं एक पान ओढून त्यांच्यापुढे धरलं.

शास्त्री आधी नको नको म्हणाले. मग पानावर बोट ठेवून वाचू लागले.

"अरेच्चा! सत्तावीस! पान सत्तावीस! काना, मात्रा, वेलांटी... सगळं लख्ख!"

आनंदाने उठून नाचायचेच काय ते बाकी राहिले. "बाबा, उद्याच तालुक्याला जातो. डॉक्टरांना डोळे दाखवतो, साखर, रक्तदाब, काय म्हणतील ते तपासून घेतो. आणि चष्मा लावून सगळ्या गावासमोर बसतो. हसू देत काय हसायचं ते!"

"ते उद्या कर," बाबा म्हणाले. "आज सोमवार आहे. म्हातारी अजून पाणीही प्यायली नसेल."