इनामदाराची मान

इनामदाराला सगळं आधी हवं असायचं, अन् त्याच्या पाहुण्यांना त्याच्याही आधी. लेकीच्या लग्नाचं तेल रखडलं तेव्हा तो घाण्यावर येऊन गरजला, "गोदाक्का, तेल कधी देतेस? चुकलीस तर घाणा माझ्या जागेवरून उचलायचा!"

गोदाक्का तेलिणीनं रांगेतली पोती पाहिली. "सगळे तीळच आहेत. दिवेलागणीला तयार. फक्त मधे कुणी घुसू नये."

"मी बसलोय ना इथं!"

तेवढ्यात त्याचा मेहुणा करडईचं पोतं घेऊन आला. "दाजी, माझं आधी!" इनामदारानं सवयीनं मान हलवली. गोदाक्कानं बैल थांबवला.

"थांबलीस का गं?"

"करडईसाठी घाणा खरवडायचा, तिळासाठी पुन्हा खरवडायचा. भिंतीशी पेंडेचे ढीग बघा, एकेक तुमच्या मधे घुसलेल्या एकेका पाहुण्याचा. त्यांच्यापायीच तेल रखडलं. तुमचं तेल आता उद्या."

"दिवेलागणीला म्हणालीस की!"

"ते बैलाच्या भरवशावर, सरकार. तुमच्या मानेचा भरवसा कसा देऊ?"

इनामदारानं या वेळी मान आडवी हलवली. मेहुण्याचं पोतं रांगेच्या शेवटी गेलं, तेल दिवेलागणीला पोचलं. मेहुणा लग्नात रुसून बसला. बसू दे मेला.