केशरची पिपाणी

पऱ्या असतात की नसतात, हा वाद आपण नंतर घालू. आधी केशरचं ऐका.

केशर सात वर्षांची. तिचे आबा, म्हणजे वडील सखाहरी, जत्रेजत्रेत भिरभिरी आणि पिपाण्या विकायचे. लाल, पिवळी, जांभळी, चमचमत्या कागदाची भिरभिरी आणि बोटाएवढ्या इवल्या इवल्या पिपाण्या. जत्रा चांगली झाली तर रात्री भाकरीबरोबर भाजी, नाहीतर नुसती भाकरी. केशरला त्याचं काही वाटत नसे. तिला वाईट वाटायचं ते एकाच गोष्टीचं. पिपाणीवाल्याची पोर, आणि तिला एकही पिपाणी वाजवता येत नव्हती.

जन्मापासूनच तिचा वरचा ओठ नाकापर्यंत दुभंगलेला होता. फुंकर घातली की सगळी हवा त्या फटीतून फुस्स करून निघून जाई. मुलं फिदीफिदी हसत. मग ती तोंडावर ओढणी धरून भिरभिऱ्यांच्या मागे जाऊन बसे.

एकदा तालुक्याच्या दवाखान्यात शिबिर लागलं. शहरातून एक डॉक्टरीणबाई दोन दिवसांसाठी आल्या. दुभंगलेले ओठ शिवायचे, भाजून आखडलेली कातडी सैल करायची, हे त्यांचं काम. त्याला प्लास्टिक सर्जरी म्हणतात. आता तुम्ही विचाराल, प्लास्टिक कुठे लावतात? कुठेच नाही. आपलाच ओठ, आपलीच कातडी, नीट जागेवर आणून शिवायची.

केशरची पाळी दुसऱ्या दिवशी होती. संध्याकाळी बाई परत जाणार होत्या, आणि पुन्हा येणार होत्या थेट पुढल्या वर्षी.

त्या सकाळी केशर उपाशीपोटी दवाखान्याच्या बागेत बसली होती. गुलबक्षीच्या गुलाबी फुलांखाली, गळक्या नळाच्या डबक्यात काहीतरी लुकलुकत होतं. चतुर पडलाय वाटतं, म्हणून तिने एक पान पुढे केलं. पानावर चढली ती एक इटुकली परी. रुपेरी पंख ओलेचिंब, आणि थंडीने कुडकुडत होती बिचारी. केशरने तोंडावरची ओढणी काढली आणि तिच्या मऊ टोकाने एकेक पंख हलकेच टिपून दिला.

"काय हवंय तुला?" परीने विचारलं. "एकच माग."

"मला पिपाणी वाजवायचीय."

"ओठ शिवायला मला येत नाही, हं. ते बाईंचं काम. ते पार पडेल एवढं मी बघीन. पण दोन गोष्टी पाळायच्या. ऑपरेशन होईपर्यंत तोंडात काही घालायचं नाही. आणि बाई विचारतील त्याचं खरं उत्तर द्यायचं. पहिली चुकली तर सांभाळून घेता येईल. दुसरी चुकली, तर माझ्या हातात काही उरणार नाही."

एवढं बोलून ती फुलात शिरली. केशर वॉर्डात आली, तर आबा देवळातून पेढ्यांचा डबा घेऊन आलेले. लेकीच्या काळजीने त्यांचा जीव थाऱ्यावर नव्हता. रांगेने सगळ्या पोरांना ते प्रसाद देत सुटले होते.

"आ कर," ते म्हणाले. प्रसादाला नाही कसं म्हणायचं? केशरने आ केला, पेढ्याचा कण गिळला, आणि मग तिला आठवलं.

थोड्या वेळाने बाई आल्या. "पोरीला सकाळपासून काही दिलंत का? चहा, बिस्कीट, पाणी?"

"काही नाही, बाई," आबा म्हणाले. ते खोटं बोलत नव्हते. प्रसाद कुणी खाण्यात धरतं का, असं त्यांचं साधं सरळ मत.

"केशर, तू सांग."

सांगितलं तर वर्ष गेलं. नाही सांगितलं तर कुणाला कळणार होतं? कणभर तर होता. तिने खिडकीतून गुलबक्षीकडे पाहिलं, तर परी कुठेच दिसेना.

"पेढा खाल्ला," ती म्हणाली. "आबांनी दिला. सगळ्यांनाच दिला."

"सगळ्यांना?" म्हणत बाई आतल्या खोलीकडे धावल्या. तिथे भाजलेल्या गालाची चार वर्षांची जाई टेबलावर निजली होती. भूल द्यायचीच तेवढी बाकी होती. आणि या जाईबाईंनी मागून मागून तीन पेढे खाल्ले होते.

"भूल दिल्यावर पोटातलं वर येतं आणि श्वासात अडकतं," बाईंनी बाहेर येऊन सांगितलं. "पोरगी दगावली असती."

आबांनी पेढ्यांचा डबा छातीशी धरला. "देवाचं होतं हो, बाई."

"देवाचं असलं तरी पोटात गेल्यावर तो पेढाच."

त्या दिवशी चार मुलांची ऑपरेशनं थांबली. "मीच घालवलं गं तुझं," आबा म्हणाले, आणि केशर त्यांच्या कुशीत शिरून खूप खूप रडली.

संध्याकाळी फाटकाशी गाडी आली. बाई पिशवी खांद्याला लावून वॉर्डात आल्या. चार खाटांकडे पाहत उभ्या राहिल्या.

"एकटी केशर राहिली असती तर कदाचित मी गेले असते," त्या म्हणाल्या. "चार पोरं अशी ठेवून मला जाता यायचं नाही." त्यांनी शहरात फोन लावला आणि पिशवी खाली ठेवली. "उद्या सकाळी. पहिली केशर. आणि सखाहरी, तो डबा आत्ताच्या आत्ता माझ्याकडे द्या."

ओठ शिवला गेला. एक बारीक रेघ राहिली, ती अजून आहे. महिनाभर पिपाणीला हात लावायचा नाही, असं बाईंनी बजावलं होतं. केशरने तेही पाळलं.

महिन्यानंतरच्या जत्रेत एक गिऱ्हाईक आलं. "वाजवून दाखवा," म्हणालं. आबांनी पिपाणी केशरपुढे धरली.

पहिल्यांदा फुस्स झालं. तिने ओठ घट्ट मिटून पुन्हा फुंकलं. पीं... लांबलचक, पार आकाशपाळण्यापर्यंत ऐकू जाईल अशी वाजली. आबांनी तोंड फिरवून डोळे पुसले.

समोरच्या पिवळ्या भिरभिऱ्यावर परी बसली होती. केशरने तिला पाहिलं, पिपाणी खाली ठेवली आणि हळूच एक फुंकर घातली. भिरभिरं गरगर फिरलं, पिवळंधमक, मग सोनेरी, मग नुसता उजेड. थांबलं तेव्हा त्यावर कुणी नव्हतं.

केशरची ती ओढणी अजून आहे. भिरभिऱ्यांना ऊन लागू नये म्हणून ती त्यांच्यावर टाकते.