आवडाची ओंजळ

"इथंच म्हणे एका शेजारणीनं दुसरीचा हात उकळत्या कुंडात..."

एवढंच कानावर पडतं. बोलणाऱ्या बाईची उकळत्या कुंडात सोडलेली तांदळाची पुरचुंडी तेवढ्यात शिजून वर येते, ती तिकडे वळते, आणि राष्ट्रीय उद्यान बघायला आलेली पाहुणेमंडळी ते अर्धं वाक्य घेऊन गाडीकडे निघतात. कढवली गावच्या जुन्या बायका मग त्यांना हटकतात. "अर्धं ऐकून कुठं चाललात? बसा. भात शिजेपर्यंत सांगून होतं."

कठड्याच्या आत मोठं कुंड आहे. त्यातलं पाणी बारा महिने खदखदतं, वाफेत समोरचं माणूस दिसत नाही. आणि तिथून वीतभर अंतरावर ओंजळीएवढा एक खळगा आहे, त्यातलं पाणी माठातल्यासारखं गार. एका जमिनीतून दोन तऱ्हेचं पाणी कसं, तर त्याची हकिकत अशी सांगतात.

फार मागे कढवलीत आवडा नावाची बाई राहत होती. मनानं चांगली. कुणाकडे बाळंतपण असो की आजारपण, आधी आवडा हजर. पण कान मात्र कायम परसातल्या दगडी गडग्यापलीकडे. गडग्यापलीकडे सगुणाचं घर. नवरा गलबतावर गेलेला, दोन लहान पोरं, आणि सासू ठार बहिरी. एका सकाळी सगुणा सासूच्या कानाशी ओरडून सांगत होती, "देवीचं बी मी घरी आणलंय, कुणाला बोलू नका हं, आत्याबाई..." सासूला काही ऐकू गेलं नाही. आवडाला गेलं.

पुढचं ऐकायला ती थांबलीच नाही. घागर उचलली आणि नदीवर गेली.

देवीचं बी म्हणजे साऱ्या गावाचं पेरणीचं भात. ते देवळाच्या माळ्यावर, गुरवाच्या राखणीत असे. त्यावर गावाचं वर्ष अवलंबून. आवडानं नदीवर एकीला सांगितलं, "आणलंय म्हणे." दुपारी ते "चोरलंय" झालं होतं. लोक देवळाच्या माळ्यावर चढले तर एक कणगा रिकामा, आणि म्हातारा गुरव तापात बेशुद्ध. सगुणाच्या चुलीवरच्या माळ्यावर ते बी सापडलं.

"का आणलंस?" गावच्या खोतांनी विचारलं.

"चोरलं नाही. याहून जास्त सांगता येत नाही, वचन दिलंय."

"कुणाला?"

सगुणानं दोन्ही पोरांना जवळ ओढून घेतलं.

मग दिव्य ठरलं. त्या काळी अशी रीत होती, म्हणे. देवीचं तांब्याचं कडं कुंडात टाकायचं आणि आरोप असलेल्यानं ते हातानं काढायचं. हात भाजला तर माणूस खोटं, पेरणीआधी पोराबाळांसकट त्यानं गाव सोडायचं.

दुसऱ्या दिवशी सारा गाव कुंडाभोवती उभा होता. सगुणाचा उजवा हात रिठ्यानं धुतला, नखं कापली, जुने डाग मोजून पंचांना दाखवले. धाकटं पोर तिच्या कमरेला धरून होतं, ते सोडवून आवडाच्याच कडेवर दिलं. शेजारीण ना ती.

पोर आवडाच्या खांद्यावर मान टाकून निजलं.

कडं पाण्यात पडलं. खोत म्हणाले, "आवडाबाई, तुम्ही कानानं ऐकलंत ना? देवीसमोर एकदा सांगा, म्हणजे सुरू करू."

आवडानं खांद्यावरचं पोर सावरून घेतलं. सगुणानं तिच्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "सांगा, काकी. ऐकलंत तेवढं सांगा."

सगुणा गुडघ्यावर बसली. बाही वर सारली. बोटं वाफेत शिरली.

"थांबा," आवडा म्हणाली. "मी अर्धंच ऐकलं. ती पुढं बोलत होती. मी थांबले नाही."

गर्दीतून एकजण बोलला, "रोज तासतासभर गडग्याला चिकटलेली असतेस, आणि त्याच दिवशी बरी घाई झाली."

कुणी हसलं नाही. खोतांनी मान हलवली. "कडं पडलंय, आवडाबाई. देवीचं कडं पाण्यात ठेवून परतता येत नाही. हात घालावाच लागेल."

"मग घालायचा तो ज्याच्या बोलण्यानं पडलं त्यानं," आवडा म्हणाली. पोर तिनं सगुणाच्या मांडीवर ठेवलं आणि कुणी अडवायच्या आत कोपरापर्यंत हात कुंडात घातला.

कडं वर आलं. त्याच्याबरोबर हाताची सालं आली. आवडा कळवळून शेजारच्या मातीत कोसळली, तळवा जमिनीत रुतला, आणि असं सांगतात, की त्या तळव्याखालची माती फुटून गार पाणी वर आलं. सगुणानं ओंजळीओंजळीनं ते तिच्या हातावर घातलं. दिवस मावळेपर्यंत घालत होती.

तिसऱ्या दिवशी गुरव शुद्धीवर आला आणि रडत खरं बोलला. माळा गळून बी भिजलं होतं. राखणीत कसूर झाली म्हणून देवीची सेवा घरातून जाईल, या भीतीनं त्यानं सगुणाला शपथ घातली होती, चुलीच्या धगीवर गुपचूप वाळवून दे. तिनं वाळवलं म्हणून त्या साली शेतं पिकली.

आवडाची बोटं पुन्हा उघडली नाहीत. दर पुनवेला गावातल्या बायकांसारखी तीही तांदळाची पुरचुंडी दोरीला बांधून कुंडात सोडायची, पण दोरी ओढता यायची नाही. ती ओढायला सगुणा यायची. दोघी मरेपर्यंत यात खंड पडला नाही, म्हणे.

आजही कढवलीत बायका आपली पुरचुंडी स्वतः काढत नाहीत, ती शेजारणीनं काढायची. भांडण असलं तरी त्या दिवशी हाक मारावीच लागते, "ये गं, माझा भात काढ." आणि भात काढणारीचे हात आधी त्या गार खळग्यात बुडवून घेतात.

आता पाहुण्यांनी ऐकलेलं ते अर्धं वाक्य. शेजारणीनं दुसरीचा हात कुंडापर्यंत नेला, एवढं खरं. कुंडात गेला तो त्या नेणारीचा स्वतःचा.